रंकाळ्यावर अनवाणी चालू का?

प्रश्न : मी ४१ वर्षांची. रोज सकाळी सासूबाई आणि मी रंकाळ्यावर फिरायला जातो. तिथं येणाऱ्या बायका सांगतात, बूट काढून हिरवळीवर चाला. जमिनीतली शक्ती अंगात येते, शुगर उतरते, चष्मा जातो. सासूबाई ६६ वर्षांच्या, त्यांना १२ वर्षं शुगर आहे, पायांना अधूनमधून मुंग्या येतात. त्यात नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचा त्यांचा नेम. मला स्वतःला सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावलं टाकताना टाचेत कळ येते. आम्ही दोघींनी चालावं का?
— एक वाचक, साने गुरुजी वसाहत

उत्तर : ताई, टाच शांत झाली की तुम्ही जरूर चाला. सासूबाईंनी मात्र चप्पल काढू नये, घरातसुद्धा.

आधी फायद्याचं बोलू. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. त्यांना धरून ठेवणाऱ्या लहान लहान स्नायूंना जाड तळाच्या बुटात फारसं काम उरत नाही. मातीवर उघडा पाय पडला की बोटं पसरतात, अंगठा जमीन धरतो, तळव्याची कमान आपल्या बळावर उभी राहते, तोल सावरायची सवय लागते. माझे वडील पायतान शिवायचे. मापासाठी गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं कड काढायचे. रानात राबणाऱ्या माणसाचा पाय चवड्याशी पंख्यासारखा पसरलेला उमटायचा, करंगळी आणि शेजारच्या बोटात चांगली फट. बूट घालून ऑफिसला जाणाऱ्याचा पाय पुढं निमुळता, अंगठा बाकीच्या बोटांकडं कललेला. फिजिओथेरपी शिकताना पुस्तकातली पावलांची चित्रं मला त्या कागदांमुळंच ओळखीची वाटली.

शुगर उतरते ती चालण्यानं, बूट घालून चाललात तरी तेवढीच. चष्मा जात नाही. जमिनीतल्या शक्तीबद्दल जे अभ्यास झालेत ते थोडे आणि लहान आहेत. त्यांच्या भरवशावर कुणी एक गोळीही सोडू नये.

तुमच्या टाचेचं लक्षण तळव्याच्या जाड पडद्याला सूज आल्यासारखं वाटतं. तपासून घ्या. तोवर फरशीवर आणि पेव्हर ब्लॉकवर अनवाणी नको. पलंगावरून उतरायच्या आधी पाय लांब करून टॉवेलनं चवडा स्वतःकडं ओढून धरा, दिवसा भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. सकाळची कळ गेली की हिरवळीवर किंवा मऊ मातीवर पाच मिनिटं, एक दिवसाआड. पावलं आखूड टाका. बुटाची टाच उंच असते, ती गेली की पोटरीवर ताण येतो, म्हणून वेळ आठवड्याला दोन-तीन मिनिटांनीच वाढवा. पावसाळ्यात नकोच. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, शिवाय ओल्या गवतात काच दिसत नाही. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम, फक्त सराटे बघून. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आधी ते घ्या. आणि लोक बाटल्या फोडून टाकतात त्या काठाला कितीही चांगली हिरवळ असली तरी जाऊ नका.

आता सासूबाई. आज रात्रीच हे करा. त्यांना झोपवून डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या शेंड्यावर अलगद टेकवा, एक-दोन सेकंद, दोन्ही पायांना. दाबायचं नाही, घासायचं नाही. कुठं लागलं ते त्यांनी सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणं कळली नाहीत तर पायाची जाणीव कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांना दाखवा. सगळी कळली तरी मुंग्या येतात म्हणजे एकदा नीट तपासणी हवीच.

असा पाय काटा लागल्याचं सांगत नाही. दुपारी देवळाच्या काळ्या दगडी आवारात चटका बसला तरी सांगत नाही. संध्याकाळी तळव्याला टरटरून फोड आलेला दिसतो, तोही घरातल्या दुसऱ्या कुणाला. अशा फोडाची जखम महिनोन्‌महिने चिघळलेली मी पाहिली आहे, म्हणून इतकं ठासून लिहिते.

नेमाचं मला पूर्ण कळतं. नवरात्रात अर्धं कोल्हापूर अनवाणी असतं आणि सासूबाईंना चप्पल घाला म्हणणं तुम्हाला किती जड जाईल तेही कळतं. त्यांना सांगा, दर्शनाला पहाटे जाऊया, दगड तापायच्या आत. चप्पल अगदी दारातच काढायची, आत जाडसर सुती मोजे घालायचे. अनवाणी राहण्याऐवजी नऊ दिवस उपवासाचं, जपाचं काही ठरवा. तेही शुगरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून.

त्यांना एमसीआरची (मऊ, सच्छिद्र रबराच्या तळाची), मागं पट्टा असलेली चप्पल घ्या. कोल्हापुरी नको. पायतान शिवणाऱ्याची लेक असूनही हे सांगते. नवं चामडं अंगठ्याशी घासतं आणि त्यांना ते समजणार नाही. रोज रात्री तळवे तुम्ही बघा, किंवा खाली आरसा धरून त्यांनी बघावेत. भेगांना क्रीम लावा, बोटांच्या मध्ये नको. कुरुपाची पट्टी आणि ब्लेड तर घरात ठेवूच नका.

प्रश्न : मी २२ वर्षांचा, विद्यापीठ परिसरात पळतो. अनवाणी पळालं की वेग वाढतो म्हणतात. इथिओपियाचा मॅरेथॉनपटू अबेबे बिकिला ऑलिंपिकमध्ये अनवाणी जिंकलाच की. बूट टाकून देऊ का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी जिंकला, हे खरं. १९६४ मध्ये टोकिओला तोच बूट घालून जिंकला, आणि तेही जास्त वेगानं. अनवाणी पळताना पाय बहुधा टाचेऐवजी चवड्यावर पडतो. गुडघ्याचा भार थोडा हलका होतो, पण तो पोटरी, टाचेची शीर आणि पावलाच्या हाडांवर येतो. एकदम बूट सोडणाऱ्या मुलांच्या पावलाच्या हाडाला बारीक चीर जाऊ शकते. बूट ठेव. पळून झाल्यावर मातीच्या मैदानावर दोन-तीन मिनिटं अनवाणी चाल, महिन्याभरानं तिथंच छोट्या फेऱ्या सावकाश पळ. पावलाच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं की एकाच जागी दुखत असेल तर त्याच दिवशी पळणं थांबव आणि दाखवून घे.