हिवाळ्यात वाचनालय सांभाळायला घेताय? आधी एवढंच करा

पहिल्याच हिवाळ्यात पाच-सहा कार्यक्रम जाहीर करू नका. नवीन माणूस हमखास इथेच दमतो. आठवड्यातून एकच घ्या, पण वार आणि वेळ अजिबात बदलू नका. अंधार लवकर पडतो, तेव्हा लहान मुलांची गोष्टींची बैठक उजेड असतानाच संपवा.

कार्यक्रम आणि पुस्तकांची देवघेव एकमेकांना जोडा, खरी गंमत त्यातच आहे. आकाशदर्शन ठेवलंत तर ड्युई वर्गीकरणातल्या (पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावायची पद्धत) ५२० क्रमांकाच्या कप्प्यातली खगोलशास्त्राची आठ-दहा पुस्तकं दाराजवळच्या टेबलावर मांडा आणि देवघेवीची नोंदवहीही तिथेच ठेवा. मृग नक्षत्र नुकतंच पाहिलेलं मूल पुस्तक घेतल्याशिवाय हलत नाही, मी कितीदा पाहिलंय!

देवघेवीत दोन-तीन गोष्टी पाळा:

- परतीची तारीख पुस्तकातल्या चिठ्ठीवर वाचकासमोर घाला.
- परत आलेलं पुस्तक चाळूनच कप्प्यात ठेवा. ओलसर असेल तर पंख्यासारखं उघडून उभं करा आणि वाऱ्यावर वाळू द्या. हीटरजवळ नको, पानं वाकडी होतात.
- वाचकांना हवी ती पुस्तकं लिहून ठेवायला मागणी-वही ठेवा. नवी खरेदी तिच्यावरून करा, स्वतःच्या आवडीवरून नको.

दंडाबाबत मात्र सांभाळून. दंडाच्या भीतीने मूल पुस्तकही आणत नाही आणि स्वतःही येत नाही. आधी एक फोन करा. थंडीत बाहेर न पडणाऱ्या आजी-आजोबांना पुस्तक घरपोच द्या, महिन्यातून दोनदा पुरे.

संगणकीय सूची, आंतरग्रंथालयीन देवघेव (दुसऱ्या वाचनालयांशी पुस्तकांची देवाणघेवाण) वगैरे पुढच्या वर्षी बघू. या आठवड्यात फक्त वार ठरवा आणि दारावर पाटी लावा.