शेजारणीकडे निरोप जातो, मग घरातलं सगळंच का नाही जात?

प्रश्न : हार्मोन रक्तातून फिरत पेशीपर्यंत पोचतं हे माहीत होतं. पण मुलीच्या अकरावीच्या बायोलॉजीच्या नोट्समध्ये 'गॅप जंक्शन' वाचलं, दोन पेशींमध्ये थेट वाट असते म्हणे. मग एकीतलं सगळं दुसरीत वाहून जात नाही का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही जात, कारण वाट फार अरुंद असते. शेजारी पेशींच्या पटलांमध्ये तिथे जेमतेम 2 ते 4 नॅनोमीटर फट असते आणि ती ओलांडणारी नळी अर्धी हिची, अर्धी तिची. कोनेक्झिन नावाची 6 प्रथिनं गोल कडं करून पटलात बसतात, समोरचीनेही तसंच कडं धरलं आणि दोन्ही टोकाला टोक भिडली की वाट सुरू, एकटीने नळी काढून भागत नाही.

आत शिरायला साइज लागते, साधारण 1000 डाल्टनच्या आतली (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप). म्हणजे आयन, ग्लुकोज, शिवाय सायक्लिक एएमपी, आयपी-थ्री हे पेशीतले निरोप नेणारे रेणू, असली बारकी मंडळी जातात, प्रथिनं आणि डीएनए अलीकडेच राहतात. आयपी-थ्रीचं काम तर बघण्यासारखं आहे, लिव्हरच्या एका पेशीला बाहेरून इशारा मिळाला की तिच्यात हे तयार होतं, मग नळीतून शेजारणीत घुसतं आणि तिच्याच साठ्यातलं कॅल्शियम मोकळं करतं, म्हणजे हिने फक्त निरोप धाडला, माल तिने आपल्या घरातला काढला, आणि अशी कॅल्शियमची लाट पेशीमागून पेशी सरकत जाते.

आणि हो, नळी कायम उघडी नसते. एखादी पेशी फाटली की बाहेरचं कॅल्शियम तिच्यात भसाभस शिरतं, तेवढ्यावर नळ्या मिटतात आणि शेजारणी वाचतात. हे मला नळीपेक्षाही भारी वाटतं. शिवाय गरजेप्रमाणे नळ्यांची संख्याही बदलते, बाळंतपण जवळ आलं की गर्भाशयाच्या स्नायूत कोनेक्झिन 43 (कोनेक्झिनचाच एक प्रकार) च्या नळ्या खूप वाढतात, म्हणून कळ आली की सगळा स्नायू एकदम आवळतो.

बिघडलं तर काय, तर कानाचं बघा. आतल्या कानात कोनेक्झिन 26 लागतं, त्याचं जीन जीजेबी-टू. आईबाप दोघांना नीट ऐकू येतं पण दोघांकडेही या जीनची एकेक बिघडलेली कॉपी असते, आणि दोन्ही बाळाकडे आल्या तर ते जन्मापासून बहिरं असू शकतं. अशा घरात डॉक्टर जीन टेस्ट करायला सांगतात तेव्हा सहसा आधी हेच जीन बघतात.