मुंबईत अतिवृष्टीनंतर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण का वाढतात?
पावसामुळे हा रोग निर्माण होत नाही. पाऊस त्याला वाट करून देतो. लेप्टोस्पायरा हे जिवाणू उंदीर-घुशींच्या, तसेच कुत्री व गुरांच्या मूत्रातून बाहेर पडतात, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात तग धरतात आणि त्या पाण्यातून चालणाऱ्या माणसाच्या पायावरील जखमेतून किंवा भेगांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढच्या काही आठवड्यांत शहरात या रोगाची साथ पसरली.

मात्र पाणी सर्वांना सारखे गाठत नाही. न उचललेल्या कचऱ्यावर उंदीर पोसले जातात, नाले तुंबतात आणि सखल भागातील वस्त्यांमध्ये गुडघाभर पाणी तासन् तास साचून राहते. त्यातूनच कामावर जाणे रोजंदारीवरच्या माणसाला टाळता येत नाही. गमबुटांविना गटारात उतरावे लागणाऱ्या सफाई कामगाराचा धोका तर सर्वांत मोठा असतो, आणि हे मला अक्षम्य वाटते.

सुरुवातीचा ताप मलेरिया-डेंग्यूसारखाच भासत असल्यामुळे अनेकजण तो अंगावर काढतात आणि तोवर मूत्रपिंड किंवा यकृताला इजा होऊ शकते. पुराच्या पाण्यातून चालावे लागले असल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविक औषधाबद्दल विचारावे.