प्लग काढलास तरी एसएमपीएसला लगेच हात लावू नको

अरे प्लग काढला म्हणजे एसएमपीएस (स्विच मोड पॉवर सप्लाय) मेला असं धरून चालू नकोस, आपल्याकडे २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाला की त्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी बसतो आणि ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर कपॅसिटर हळूहळू रिकामा करणारा) उडालेला असेल तर बराच वेळ तसाच राहतो. मला एकदा कपॅसिटरच्या पायांना बोट लागून असा झटका बसलाय की कोपरापर्यंत हात बधिर झालेला. तो रिकामा करायला स्क्रूड्रायव्हरने पाय शॉर्ट करतात काहीजण, ते अजिबात करू नको, ठिणगी उडते, बोर्डवरचा तांब्याचा ट्रॅक जळतो. २.२ किलोओम ५ वॉटचा रेझिस्टर घे, इन्सुलेटेड प्रोबने कपॅसिटरच्या दोन्ही पायांवर दहा सेकंद धर, मग मीटर डीसी व्होल्ट रेंजला लावून व्होल्टेज उतरलंय का ते बघच. आणि चालू बोर्डवर काम करायचंच असेल तर एकटा बसू नकोस रे, घरात कुणीतरी पाहिजे.