दहा-बारा वर्षांच्या अल्टो ८०० ला स्वस्तात टायर कोणते टाकावेत?

सीएट, अपोलो, जेके, एमआरएफ यांपैकी ज्याचा १४५/८० आर१२ हा मूळ साइझचा साधा टायर स्वस्त पडेल तो घ्या, फक्त ताजा बघून घ्या. मी टायरच्याच धंद्यात आहे. पडून राहिलेला माल ‘ऑफर’मध्ये कसा खपवतात ते रोज बघतो. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. वर्षाच्या आतलाच मागा. रिमोल्डच्या, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेल्या मालाच्या, वाटेला जाऊ नका. बजेट दोनाचंच असेल तर नवी जोडी मागे टाका, दुकानदार काहीही म्हणो. पावसात मागची चाकं घसरली की गाडी आवरत नाही. मात्र पुढे राहणाऱ्या जुन्या जोडीची नक्षीही झिजून खाचेतल्या १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकली असेल तर चारही बदलावेच लागतील.