उन्हाळ्यात रात्रीला दोडका करा
सोलापूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी गॅससमोर फार वेळ उभं राहायचं नसेल तर दोडका आणा. कोवळा, हलका वाकणारा निवडा. जून दोडक्यात आत जाळी धरते. चिरताना प्रत्येकाचा तुकडा चाखा, एक कडू निघाला तर अख्खी भाजी गेली. अर्धा किलोला दोन चमचे तेल, जिरं, सात-आठ ठेचलेल्या लसूण पाकळ्या, मग फोडी आणि झाकण. पाणी अजिबात नको, तो स्वतःच सोडतो. मीठ शेवटी, भाजी आटून निम्मी होते, आधी अंदाजाने घातलेलं हमखास जास्त होतं. फोडी मऊ झाल्या की एक चमचा काळं तिखट, तीन चमचे जाडसर शेंगदाणा कूट. कूट लवकर टाकलं तर तळाला लागतं. दोडक्याच्या सोललेल्या शिरा फेकू नका, तीळ घालून खमंग परतल्या की चटणी होते. सोबत कडक भाकरी विकतची आणली तरी चालेल, तेवढाच तव्याचा ताप वाचतो.