आधी उतरवायला शिक

चि.,
अनेक आशीर्वाद.

घरी रॉकेट बनवायचं म्हणतोस, आणि तुझ्या पत्रातला पहिलाच प्रश्न त्याच्या इंधनाचा आहे. कोणती पूड किती घ्यायची, किती तापवायची. त्याचं उत्तर मी देणार नाही, आणि दुसऱ्या कुणी दिलं तरी घेऊ नकोस. परवान्याशिवाय स्फोटकं बनवायला आपल्याकडे १८८४ च्या कायद्यापासून मनाई आहे, हे झालं एक. दुसरं असं की घन इंधनाच्या कांडीत बारीकशी चीर किंवा हवेचा बुडबुडा राहिला, तर जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो, वायू निघायला तोटी पुरत नाही आणि नळी फुटते. ती फुटते तेव्हा बनवणारा बहुधा हाताच्या अंतरावर असतो.

तिसरं कारण तुझ्या स्वप्नाशी जोडलेलं आहे. स्वस्तात अंतराळात जायचं म्हणतोय आपण, तर घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते बघ. स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीचं फाल्कन ९ हे रॉकेट निघताना सुमारे ५४९ टनांचं असतं. त्यातलं बहुतेक वजन शुद्ध केलेलं रॉकेल आणि द्रवरूप ऑक्सिजन यांचं. ऑक्सिजन हवेतून काढतात, आणि रॉकेल म्हणजे काय ते तुझ्या आजीला विचार. महाग आहेत ती इंजिनं, टाक्या, झडपा. वर्षानुवर्षं जगभर बहुतेक वेळा हा ऐवज एकदा वापरून टाकून दिला जात होता. २१ डिसेंबर २०१५ ला फाल्कनचा पहिला टप्पा (सगळ्यात खालचा, मोठ्या इंजिनांचा भाग) मोहीम पार पाडून जमिनीवर उभा उतरला, आणि ३० मार्च २०१७ ला आधी वापरलेला टप्पा दुसऱ्यांदा उडाला. खर्चाचं गणित बदललं ते तिथे. आपल्या इस्रोनेही एप्रिल २०२३ मध्ये कर्नाटकात चित्रदुर्गजवळ पंख असलेलं यान हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंच नेऊन सोडलं आणि ते आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. सगळी धडपड परतीसाठी आहे.

म्हणून तुला माझं सांगणं असं: पहिलं वर्ष उंचीच्या मागे लागू नकोस. तेच रॉकेट, तसंच्या तसं, दहा वेळा उडवून दहा वेळा धड उतरव. त्याला पाण्याचं रॉकेट पुरतं: उलट्या बाटलीत थोडं पाणी आणि पंपाने भरलेली हवा, हवा पाण्याला खाली फेकते आणि बाटली वर जाते. खेळणं म्हणून नाक मुरडू नकोस, हिशेब मांडला की कळेल.

बाटली २ लिटरची घे, फसफसणाऱ्या पेयाची, तळाला पाच पाकळ्या असलेली. साध्या पाण्याच्या बाटलीची भिंत दाब सोसायला केलेली नसते. तिच्यात साधारण ६०० मिली पाणी भरलं, वर ४ बार दाब दिला (१ बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचा दाब; पायपंपाच्या काट्यावर ५८ पीएसआय), तर पाणी तोंडातून सेकंदाला २८ मीटर वेगाने निघतं. तोंडाचा व्यास २२ मिलिमीटर धरला तर सुरुवातीचा रेटा ३० किलोच्या आसपास भरतो. सगळं पाणी सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यात बाहेर! शेवटचे थेंब निघताना रॉकेट हलकं झालेलं असतं, तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपटीवर जातं. म्हणजे आत ठेवलेली १० ग्रॅमची वस्तू त्या क्षणी एका किलोसारखी खाली ओढते. हे लक्षात ठेव, पुढे सर्किटची गोष्ट निघेल तेव्हा लागेल.

भरलेलं रॉकेट ७५० ग्रॅम, रिकामं १५०. गुणोत्तर ५. रॉकेटशास्त्राचा पाया घालणाऱ्या त्सिओल्कोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाचं समीकरण सांगतं की वेग या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमप्रमाणे वाढतो. ५ चा नैसर्गिक लॉगॅरिदम १.६, आणि दाब उतरत जातो म्हणून पाण्याचा सरासरी वेग २५ धर. मिळाले सेकंदाला ४० मीटर. हवेचा अडथळा वजा जाता चाळीस-पन्नास मीटर उंची पदरात पडते. आता हेच कक्षेसाठी मांड. अडथळ्यांचा तोटा धरून सेकंदाला ९.४ किलोमीटर लागतात, रॉकेलच्या इंजिनातून वायू सेकंदाला ३ किलोमीटरच्या थोड्या वर वेगाने निघतो, म्हणजे गुणोत्तर २० च्या घरात. वीस किलोतला एक किलो उरतो. त्यात टाक्या, इंजिन, उपग्रह, आणि खाली यायचं तर उतरायचं सामानही. परतणं महाग का पडतं, ते या एका किलोत आहे.

पाणी जास्त भरलं की जास्त उंची, असं सगळ्यांना वाटतं. अर्ध्याच्या वर भरलं की हवेला जागा उरत नाही. ती थोडी पसरली की दाब संपतो आणि उरलेलं पाणी ओझं होऊन रॉकेटबरोबर वर जातं. ४००, ६००, ८०० आणि १००० मिलीने प्रत्येकी तीन उड्डाणं कर, दाब तोच ठेव, आणि आलेख काढ. ५० मीटरवर उभा राहिलेला जोडीदार कोनमापकाला ओळंबा बांधून शेंड्याचा, म्हणजे रॉकेट सर्वात उंच असेल तेव्हाचा, कोन वाचेल. ४५ अंश आले तर उंची ५० मीटर अधिक त्याच्या डोळ्याची उंची.

प्रत्येक बाटली उडवण्याआधी तपासायची. पाण्याने काठोकाठ भर, ६ बारपर्यंत दाब दे, पाच मिनिटं ठेव. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे बाटली फुटली तरी नुसती चिरते. हवेने भरलेली फुटली तर तो स्फोटच. डोळ्यांना गॉगल, माणसं लांब, आणि उडवताना ४ बारच्या वर जायचं नाही. बाटलीवर पांढरी रेघ किंवा घडी दिसली की ती भंगारात. मी तर धड दिसणारी बाटलीही पंधरा उड्डाणांनंतर बदलायला सांगतो.

या बाटलीला गरम गोंदाची बंदूक दाखवू नकोस. प्लास्टिक त्या जागी मऊ होतं आणि तिथेच फुटतं. पॉलिश पेपरने घासायचंही नाही. फेविक्विकने पंख चिकटवले तर हमखास फसतात, कारण दाबाखाली बाटली फुगते, फेविक्विक कडक राहतं आणि तडकून सुटतं. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप लाव, वरून पॅकिंगची टेप. किंवा त्याहून बरं म्हणजे दुसऱ्या बाटलीचा मधला नळीसारखा तुकडा कापून बाटलीवर सरकव आणि पंख त्याला लाव. दाब एकीकडे, पंख दुसरीकडे, भांडण मिटलं.

पंख तीन पुरेत. निवडणुकीनंतर रस्त्यावर पडलेले पन्हळी प्लास्टिकचे फलक यासाठी उत्तम. पन्हळ बाटलीपासून बाहेरच्या दिशेला जाईल असं काप, नाहीतर पंख मुळाशी दुमडतो. नाकाच्या शंकूसाठी तिसऱ्या बाटलीचा वरचा भाग, त्याच्या टोकाला आतून ३० ग्रॅम खेळायची माती आणि बाहेरून अर्धा स्पंजचा चेंडू. टोक कडक किंवा धातूचं कधीच नको.

माती वजनासाठी आहे. रॉकेट सरळ जायचं तर गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्याच्या (जिथे हवेचा सगळा रेटा एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे, म्हणजे नाकाकडे, निदान एका व्यासाइतका हवा. तुझ्या बाटलीचा व्यास ११ सेंटिमीटर, म्हणून ११ सेंटिमीटर. पॅराशूट घडी करून आत ठेवलेलं, पाणी नसलेलं रॉकेट दोऱ्यावर तोल, जिथे आडवं राहील तिथे पेनाने खूण. मग रॉकेटची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर काढ, काप आणि पट्टीच्या धारेवर तोल. तो झाला दाबमध्य. ही पद्धत दाबमध्य खऱ्यापेक्षा थोडा पुढेच दाखवते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवलेला परवडतो. अंतर कमी पडलं तर पंख मोठे कर किंवा माती वाढव. मी पंख वाढवीन, कारण माती म्हणजे वजन. शेवटी गुरुत्वमध्याला तीन मीटर दोरी बांधून मोकळ्या जागी डोक्यावर गरगर फिरव. नाक पुढे राहिलं तर ठीक, आडवं किंवा शेपूट पुढे गेलं तर उडवू नकोस.

लॉन्चरसाठी, म्हणजे रॉकेट सोडायच्या सांगाड्यासाठी, अर्धा इंची पीव्हीसी पाइप बाटलीच्या तोंडात जेमतेम बसतो, वर प्लंबरकडची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी). बाटलीच्या गळ्याच्या कड्याला दहा-बारा केबल टायची (तारा बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची) डोकी अडकतात आणि त्यांच्यावर सरकणारी मोठ्या पाइपची चकती ती धरून ठेवते. चकती दहा मीटर दोरीने ओढली की सुटका. रबरी बुचाचं रॉकेट शाळेत करतात ते सोडून दे. बूच कोणत्या दाबाला निसटेल ते बुचालाच माहीत, मग दहा उड्डाणं सारखी कशी होणार?

आता पॅराशूट. अर्धं वर्ष यातच जाऊ दे. १५० ग्रॅमचं रॉकेट सेकंदाला ४ मीटरने उतरायचं तर छत्री ५० सेंटिमीटर व्यासाची लागते. रॉकेट ३०० ग्रॅमचं झालं तर ७० सेंटिमीटर. कचऱ्याच्या मोठ्या पिशवीची अष्टकोनी छत्री काप. दोऱ्या आठ, प्रत्येकी ५० ते ७० सेंटिमीटर, गोधडीच्या जाड दोऱ्याच्या. कोपऱ्यांवर दोन्ही बाजूंनी टेप, मग भोक, मग गाठ. नुसत्या पिशवीला भोक पाडलंस तर पहिल्याच झटक्याला फाटेल. मध्ये तीन सेंटिमीटरचं भोक ठेव, म्हणजे छत्री डोलणार नाही. घडी घालण्याआधी टाल्कम पावडर भुरभुरव, उन्हात तापलेलं प्लास्टिक एकमेकांना चिकटतं. दोऱ्या छत्रीभोवती आवळून गुंडाळू नकोस. ती गाठोड्यासारखीच खाली येते, आणि खालून बघणारा म्हणतो, पॅराशूट उघडलं नाही. उघडलं होतं, फुललं नव्हतं.

पन्नास मीटरवर उघडलं तर खाली यायला साडेबारा सेकंद. वारा सेकंदाला ३ मीटर असेल तर ते ३७ मीटर वाहत जाईल. मैदान त्या हिशेबाने निवड, पहाटेची वेळ धर, विजेच्या तारा आणि विमानतळ लांब.

उघडायचं कसं? नुसता सैल शंकू कधी शेंड्यावर पडतो, कधी निघतानाच उडतो, कधी पडतच नाही. मी आर्डुइनो नॅनो (बोटाएवढा संगणक-बोर्ड), बीएमपी२८० दाबमापक (हवेच्या दाबावरून उंची कळते) आणि छोटा सर्वो (हुकमासरशी ठरावीक कोनात फिरणारी मोटर) घ्यायला सांगेन. दर सेकंदाला वीस वाचनं घे. त्या उड्डाणात तोवर गाठलेल्या सर्वात जास्त उंचीपेक्षा सलग तीन वाचनं दोन मीटरने कमी आली की सर्वोने पॅराशूटचा खटका सोडायचा. शिवाय सुटल्यापासून साडेचार सेकंदांनी काही झालं तरी सोडायचा, कारण मापक फसतो. सर्किटच्या पेटीला छिद्र नसेल तर आतला दाब बदलत नाही, आणि मापकावर ऊन पडलं तर वाचन सरकतं. ब्रेडबोर्ड (न झाळता नुसत्या तारा खोचायची पट्टी) आणि जंपर तारा घरात ठीक. शंभरपट त्वरणात त्या निघतातच. सगळे जोड झाळून घे, बॅटरी फोममध्ये आवळून बांध.

क्षुल्लक वाटणाऱ्या भागांकडेच जास्त बघ. डेन्मार्कच्या कोपेनहेगन सबऑर्बिटल्स या हौशी गटाचं रॉकेट सप्टेंबर २०१० मध्ये समुद्रातल्या तराफ्यावरून उडालंच नाही, कारण द्रव ऑक्सिजनची झडप गोठली. तिला ऊब द्यायला केस वाळवायचा ड्रायर लावला होता, तो पुरा पडला नाही. ३ जून २०११ ला ते उडालं, काही किलोमीटर गेलं, पण पॅराशूट फाटून निघालं. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच गटाचं नेक्सो २ साडेसहा किलोमीटरच्या आसपास जाऊन छत्रीखाली समुद्रात उतरलं आणि त्यांनी ते परत आणलं. मधली सात वर्षं नुसती ताकद वाढवण्यात गेलेली नाहीत. पैसेवाल्यांचंही वेगळं नाही. मार्च २००६ मध्ये स्पेसएक्सच्याच फाल्कन १ चं पहिलं उड्डाण इंधनाच्या नळीवरच्या एका अॅल्युमिनियमच्या नटाने बुडवलं. बेटावरच्या खाऱ्या हवेत तो गंजून तडकला, गळती झाली, आग लागली.

मोठ्या मोटरचं, म्हणजे इंधन जाळणाऱ्या रॉकेटचं, म्हणशील तर तिथे एकट्याने जायचं नाही. इन-स्पेस ही अंतराळातल्या खासगी कामांना परवानगी देणारी सरकारी संस्था विद्यार्थ्यांसाठी कॅनसॅट (डब्याएवढा नमुना उपग्रह) आणि मॉडेल रॉकेटची स्पर्धा घेते, तिथे मोटर, परवाना, मैदान हे सगळं जाणत्या लोकांच्या हाताखाली होतं. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एप्रिल २०१९ मध्ये अंतराळाची हद्द मानली जाणारी शंभर किलोमीटरची रेघ ओलांडली, ती अशाच गटाने. त्या गटाची सुरुवात २००५ ची, हेही वाच.

एक वही कर. प्रत्येक उड्डाणाला एक ओळ: तारीख, रिकामं वजन, पाणी, दाब, वारा, कोन, पॅराशूट कुठे उघडलं, काय मोडलं. बाटलीचा क्रमांकही, नाहीतर पंधरा मोजणार कसे?

पुढच्या पत्रात उंची कळवू नकोस. रिकाम्या रॉकेटचं वजन कळव, आणि तेच रॉकेट दुरुस्तीशिवाय सलग किती वेळा उडालं ते. मोडलेल्या पंखाचा फोटो जवळून काढ, कडा दिसली पाहिजे.

तुझा शुभचिंतक